भुकेवरची मिश्री

मिश्रीसाठी तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो करपट, ठसका लावणारा वास आला की मला कराडचा दातांचा दवाखाना आठवतो. आत्याचं तोंड दोन बोटं मावतील एवढंही उघडत नव्हतं. तरुण डॉक्टर खेकसला, "आजी, जन्मभर मिश्री घासलीत, कळत नव्हतं का?" शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं लगेच री ओढली, "लय सांगितलं, ऐकतच न्हाई." तशी आत्या माझ्याकडं वळून म्हणाली, "नवी नवरी व्हते तवा गडीमाणसं जेवून उठूस्तवर टोपल्यात भाकरी उरायची न्हाई. सासूनं हातावर मिश्री ठिवली. म्हणाली, लाव, भूक मरती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घरानं उपाशी ठेवून हे हातावर ठेवलं, त्यानंच आता तिला व्यसनी म्हणावं? आणि घरी येऊन बघते तर तिचा नवरा पहिल्या पंगतीला बसलेला, आणि स्वतःला चावताही न येणारी भाकरी आत्या त्याला गरम गरम वाढतेय! आज तोच वास शेजारच्या सुनेच्या चुलीवरून आला. चांगली खडसावायची म्हणून तणतणत गेले आणि दारातच विचारलं, "बाई, तू जेवलीस का?" तिनं भाकरीचं रिकामं टोपलं माझ्यापुढं सरकवलं.