आजऱ्याचा कच्चा काजू

गूळ हे मेलेलं अन्न आहे, हे मला माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा नाकारून सांगण्यात आलं. सांगणारी बाई पुण्याहून आलेली होती. तिच्याशेजारी माझी मैत्रीण उभी होती आणि मान डोलवत होती. त्या बाईवरचा माझा राग पुढे बराच निवळला. डोलणाऱ्या मानेवरचा अजून गेलेला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. लक्ष्मीपुरीत माझं गूळ, शेंगदाणे आणि सुक्या मेव्याचं दुकान होतं. ते मला ना बापाने दिलं होतं, ना सासऱ्याने. लग्न होऊन कसबा बावड्यात आले तेव्हा नवऱ्याच्या पगारात महिना सरत नसे. मी डोक्यावर पाटी घेऊन शेंगा विकल्या, मग गाडा लावला, मग एक भाड्याची खोली घेतली, आणि कितीतरी वर्षांनी दुकानाला स्वतःचं शटर लागलं. भाव करताना माझ्या तोंडी कोणी लागत नसे. "वहिनी, रडवून माल घेताय," असं व्यापारी म्हणायचे. "रडा की. पण आधी भाव खाली आणा," असं मी म्हणायची.

मैत्रीण आमच्याच गल्लीतली, शाळेत शिक्षिका. आमची मुलं एकत्र रांगली. शाळा सुटली की ती घरी न जाता दुकानात यायची, शेंगदाण्याच्या पोत्यावर बसायची आणि मूठभर दाणे तोंडात टाकत हेडमास्तरांची नक्कल करायची. गिऱ्हाईक खोळंबलं तरी मी तिचं पूर्ण ऐकून घ्यायची. तिचा नवरा गेला त्या वर्षी तिला घास जात नव्हता, तेव्हा मी भाकरी कुस्करून तिला हाताने भरवली आहे. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहिते आहे, कारण हिशेब नीट व्हावा.

मग तिचे गुडघे धरले. बावड्यात नवीन वसाहत झाली होती, तिथे ही पुण्याची बाई राहायला आली. सगळे तिला ताई म्हणत. गच्चीवर ट्रेमध्ये गव्हाचे कोंब, फडक्यात बांधलेले मोड आलेले मूग, आणि पहाटे डोळे मिटून बसलेल्या दहाबारा बायका. चुलीवर चढलेलं अन्न खायचं नाही. अग्नी लागला की अन्नातला प्राण जातो, असं ताईंचं म्हणणं. मैत्रीण गुडघ्यांसाठी म्हणून गेली आणि पावसाळा संपेपर्यंत जिने चढायला लागली. मला आनंद झाला. पण गुडघ्यांना चोळायला मी दिलेलं तेल तिने कधी एकदासुद्धा लावलं नव्हतं, हेही मला आठवलं.

संध्याकाळी पोतं रिकामं राहायला लागलं. मी दोन आठवडे वाट पाहिली आणि मग स्वतःच गच्चीवर गेले. नवऱ्याला सांगितलं, रक्तदाबासाठी जाते. ताटातली काकडी आणि भिजवलेले दाणे बघून तो म्हणाला, "मग आता कुठं बांधू तुला? दारात का परड्यात?"

"बांधायच्या आधी वैरण आणायला शीक," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर कच्चं खाणं मला जमलं. लहानपणी शेतात हुलगा, हरभरा, रताळं असं उपटून खाल्लेलं पोट होतं माझं. इतरांना पोटफुगी व्हायची, मला काही व्हायचं नाही. पण गच्चीवर याची दखल कोणी घेतली नाही. माझं काम एकच ठरलं, बाजार करणं. गाजर, काकडी, नारळ, खजूर, अंजीर, सगळं मी कमीत कमी भावात आणायची. आणि ताईंची खासियत होती काजूचं दूध. भिजवलेले कच्चे काजू वाटून त्यात खजूर घालायचा. तो काजू माझ्याच दुकानातून जाई. गूळ मात्र बंद. तो कढईत उकळतो, म्हणून मेलेला.

जोतिबाला गेलो तेव्हाची गोष्ट. पायथ्यापासून सगळ्या चालत निघालो. वर दुकानदार नारळाचा भाव सांगायला लागला आणि मी नेहमीप्रमाणे कमरेवर हात ठेवला.

"मावशी, देवाच्या दारात तरी घासाघीस करू नका की."

"देवाच्या दारात असला भाव लावायला तुला लाज वाटत न्हाई, आन् मी करायची न्हाई व्हय?"

तो हसला, बाजूचे दोघे हसले, भाव खाली आला. ताई गुलालातून वाट काढत पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "किती ऊर्जा घालवता हो तुम्ही यात." मैत्रीण त्यांच्याकडे बघून हसली. एरवी भाव पडला की ती माझ्या पाठीवर थाप मारायची. त्या दिवशी ती ताईंचा हात धरून पायऱ्या उतरली. ज्या गुडघ्यांना आता आधार लागत नव्हता, त्यांना तिथे बरा आधार लागला. मी आणलेलं खोबरं मात्र दोघींनी आवडीने खाल्लं.

तिचं बोलणंसुद्धा बदलत होतं. आमच्याकडे बायकाही "मी येतो, मी जातो" म्हणतात. ती शाळेत शुद्ध बोलायची, पण माझ्याशी कधी नाही. एक दिवस दुकानाच्या दारातून म्हणाली, "चल, मी निघते." मी म्हटलं, "कोण निघतंय?" तिला कळलंच नाही मी काय विचारलं ते.

पुढच्या उन्हाळ्यात हृषीकेशला जायचं ठरलं. गंगेकाठी राहायचं, मौन पाळायचं, फळं खायची. ताईंनी कुणी कुणाबरोबर राहायचं ते सांगितलं. मैत्रीण त्यांच्या खोलीत. मी एका रिटायर नर्सबाईंच्या खोलीत, ज्या रात्रभर घोरतात हे जोतिबाच्या धर्मशाळेत मुक्कामाला असताना सगळ्यांनी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईंना म्हणाले, "हृषीकेशच्या आधी एक दिवस आजऱ्याला जाऊया. रामतीर्थावर ध्यानाला बसू, नदी हाय, झाडी हाय. आन् तिथंच आपला काजू जिथनं येतो तो कारखाना बघू." ताईंना कल्पना फार आवडली. अन्नाच्या उगमापर्यंत जायला हवं, असं त्या म्हणाल्या. मी गाडी ठरवली, तीही भाव करून.

काजूच्या धंद्यातल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते. काजूची बी तशीच फोडता येत नाही. टरफलात तेल असतं, ते कातडी भाजून काढतं. म्हणून बी आधी बंद टाकीत वाफेवर शिजवतात, मग फोडतात, मग गर भट्टीत वाळवतात. बाजारात त्यालाच कच्चा काजू म्हणतात, कारण तो भाजलेला, खारवलेला नसतो. गच्चीवरून कच्चा काजू मागितला गेला, मी कच्चा काजू दिला. तो नीट निवडून आणि रास्त भावात दिला.

रामतीर्थावर सकाळ छान गेली. ताई खडकावर बसल्या आणि मैत्रीण त्यांच्याशेजारी, खडकावर दोघींपुरतीच जागा होती. मी खाली वाळूत बसून डोळे मिटले, पण उघडत राहिले.

दुपारी कारखान्यात गेलो. मालक माझ्या जुन्या ओळखीचे. "या पावणं, या, या वहिनी," म्हणत त्यांनी सगळीकडे फिरवलं. टाकीपाशी आलो तेव्हा कामगाराने झडप सोडली आणि वाफेचा लोट उठला. बायका मागे सरकल्या.

"हे काय करतात?" नर्सबाईंनी विचारलं.

"बी शिजवून घेतोय," मालक म्हणाले. "शिजल्याबिगर फुटत न्हाय."

"म्हणजे आम्ही खातो तो काजू..."

"ह्योच की! वहिनींच्याकडं ह्याच मालाची पोती जात्यात. एक नंबर माल."

मी ताईंकडे बघितलं. याच क्षणासाठी मी गाडीवाल्याशी अर्धा तास भांडले होते. त्यांचा चेहरा पडेल, शब्द अडखळतील, आणि मैत्रीण ते बघेल. एवढंच मला हवं होतं.

ताईंनी डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला. मग म्हणाल्या, "आपण नकळत खाल्लं. शरीर तेवढं माफ करतं. आजपासून काजू बंद." आणि दहा बायकांनी अशा माना हलवल्या, जणू ताईंनी आत्ताच एखादा मोठा त्याग केला. नर्सबाईंनी तर हात जोडले.

मैत्रीण मात्र माझ्याकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"पहिल्यापासून?"

"काजूवर पोट हाय माझं. मला ठावं नसंल तर कुणाला असणार?"

"आणि आम्ही खात होतो ते बघत बसलीस?"

"गूळ मेलेला म्हणून माझ्या दारात येऊन सांगितलंसा, तवा मला कुणी काय इच्यारलं? तवा इच्यारलं असतं, तर काजूचंबी सांगितलं असतं."

"मला सांगायचंस," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "मला एकटीला तरी."

मी तिथेच गप्प बसले असते तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. पण गप्प बसून मला आयुष्यात काही मिळालेलं नाही. मी ओरडले, "एकटी असतीस कवा गं तू? जवा बघावं तवा हिच्या पदराला!"

कारखान्यात बी फोडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मालक उगाच पोत्याची शिवण तपासायला लागले. ताई पुढे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या आत फार उष्णता साठली आहे हो."

"साठणारच," मी म्हणाले, "मी शिजल्याली हाय."

परतताना गाडीत मला पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली. मान देऊन बाजूला बसवतात ती. समोरच्या आरशात मागचं दिसत होतं. मैत्रीण रडत होती आणि तिचं डोकं ताईंच्या खांद्यावर होतं. मी खरं बोलले, माझ्या खर्चाने दाखवलं, आणि सांत्वन त्या बाईच्या वाट्याला आलं. असा सौदा मी जन्मात केला नव्हता.

हृषीकेशला त्या गेल्या. मी गेले नाही. मला कोणी नको म्हणालं नाही, पण चल असंही कोणी म्हणालं नाही.

पुढे दोनएक वर्षांत ताई मुलाकडे निघून गेल्या. गच्चीवरचे ट्रे गेले, तिथे वाळवणं पडायला लागली. एकेक बाई भाकरीवर आली. नर्सबाई पहिल्या. मग मैत्रीणही, तेही मला दुसऱ्याकडून कळलं. आमचं बोलणं तुटलं नव्हतं. रस्त्यात भेटली की "बरी हायस का" व्हायचं. पोत्यावर येऊन बसणं तेवढं राहिलं.

आणि मी कच्चं खात राहिले. नवऱ्याला वाटलं सवय लागली, मुलांना वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. मला माहीत होतं का खाते ते. ज्या पुण्यवान होत्या त्या सगळ्या सुटल्या, आणि जिला नुसतं बाजाराला जुंपलं होतं ती एकटी टिकली. हे एक दिवस मैत्रिणीने बघावं. तोंडाने म्हणावं, तूच खरी गं. काकडीच्या प्रत्येक फोडीबरोबर मी ते वाक्य चावत होते.

तिच्या नातवाचं जावळ होतं तेव्हा बोलावणं आलं. ती स्वतः दुकानात आली होती, हळदीकुंकू घेऊन. मी गेले. मांडव घातला होता, बोकड पडला होता, रश्श्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. मी पंगतीला बसले. पानावर काही वाढून घ्यायचं नाही आणि कुणी विचारलं तर सांगायचं, असं ठरवून गेले होते.

ती लगबगीने आतून आली. हातात झाकलेलं ताट. माझ्यासमोर ठेवलं आणि झाकण काढलं. काकडी, गाजर, भिजवलेले दाणे, ओल्या नारळाचे तुकडे. दाणे सोललेले होते, एकेक करून.

"तुझं वेगळं काढलंय सकाळीच," ती म्हणाली. "म्हाईत हाय मला, तू सोडलं न्हाईस ते."

एवढ्या गर्दीत, पाहुण्यांच्या धबडग्यात, तिने सकाळी बसून माझ्यासाठी दाणे सोलले होते. ती खाली वाकली, माझ्या दंडाला हात लावला. मी वर बघितलं. आता म्हणेल, असं वाटलं.

"आज ताई असायला हव्या होत्या गं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुला बघून किती समाधान झालं असतं त्यांना."

मी ताट बाजूला सरकवलं.

"ए वाढप्या," मी हाक मारली, "हिकडं ये. मटण आण. तांबडा आण. भाकरी आण."

"अगं, तुला चालतंय व्हय?" मैत्रीण म्हणाली.

"माझं मी बघतो. वाढ रं तू."

इतक्या वर्षांनी तो रस्सा जिभेला लागला आणि कानातून वाफ निघाली. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. समोरची पंगत माझ्याकडे बघत होती. मी दुसरी वाटी मागितली. मैत्रीण अजून तिथेच उभी होती, मग शेजारच्या पाटावर टेकली आणि सरकवलेल्या ताटातला एक सोललेला दाणा उचलून तोंडात टाकला.

"पाणी दिऊ?" तिने विचारलं.

"नगं," मी म्हणाले. पण ती उठून गेली नाही.