परतवाड्याच्या गाडीतला इंग्रजी दवाखाना

अकोल्याहून परतवाड्याची एस.टी. सुटली, तेव्हा माझ्या डोक्यात सेमाडोहचं जंगल होतं. शेजारच्या मावशींच्या डोक्यात मात्र अख्खा दवाखाना होता. "फीवर... कफ... स्वेलिंग... डिझी..." खिडकीबाहेरच्या काळ्या रानाला त्या एकेक दुखणं ऐकवत होत्या.

मला चौकशीचं व्यसन. अकोट येईपर्यंत सगळं कळलं. मावशी परतवाड्याच्या. लेक वैशाली आयर्लंडमध्ये, पोटुशी. बाळंतपणाला तिथे जायचं, तर स्वतःचं दुखणंखुपणं तिथल्या डॉक्टरला एकटीनं सांगता यायला हवं. आज फोनवर परीक्षा: वैशाली डॉक्टर, मावशी पेशंट. नापास झाल्या, तर वैशालीच्या सासूबाई जाणार.

"विहीणबाई पुन्याच्या हायेत, भाऊ. इंग्रजी फाडफाड!"

मी ताबडतोब डॉक्टर झालो. मफलर गळ्यात लोंबता सोडला, आवाज घोगरा केला. "हाऊ आर यू?"

"फाइन. यू?"

"मावशी, तुमचं डोकं दुखतंय!"

"दुखून राहिलं नं! पण आल्या आल्या आपलंच रडगानं कायले? पह्यले समोरच्याले इचारा लागते."

"बराबर हाय," मागच्या सीटवरचे काका म्हणाले. "डॉक्टरच्या घरचं इचारल्याबिगर आमी नाडी दाखवत नाई."

साऱ्या गाडीनं माना डोलावल्या. माझा दवाखाना बंद पडला.

डावीकडे सातपुड्याची निळी रेघ, मग केळीच्या बागा, मग अंजनगाव. गाडी थांबली. गरम आलुबोंडा (बटाटेवडा) तोंडात कोंबतो तोच मावशींचा फोन वाजला. पडद्यावर वैशाली.

"आई, मी डॉक्टर. हाऊ आर यू?"

"फाइन. यू?"

मी कपाळावर हात मारला.

"आई, किती डाव सांगितलं! तू पेशंट हायेस!"

मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला. "युवर फेस... स्वेलिंग. शो हँड."

"काही नाई वं."

"इंग्लिश! हेडेक?"

"...येस."

"सिन्स व्हेन?"

"परवापासून. काल नर्सनं फोनवर इचारलं होतं. मी फाइन म्हटलं."

उरलेला आलुबोंडा मी कागदात गुंडाळला.

"कॉल डॉक्टर. नाऊ. नो फाइन!" मावशींनी स्वतःच फोन ठेवला. परतवाड्यापर्यंत त्या फोनचा पडदाच पाहत राहिल्या. उतरताना मी त्यांचा नंबर तेवढा घेतला.

सेमाडोहला सागाची दाट राई पाहिली, अस्वलाच्या पावलांचे ठसे पाहिले. पण जीव त्या पडद्यावरच्या सुजलेल्या चेहऱ्यात अडकलेला. परतीला परतवाड्यात पोचताच फोन लावला.

"बीपी वाढलं होतं, भाऊ. भरती केलं. आता उतरलं. बाळ बी चांगलं हाय."

मी मोठा श्वास सोडला. दूरदेशीच्या लेकीला आपली माणसं तब्येत विचारतात. खरं उत्तर काढून घेणारं माणूस विरळच. मग भीत भीत निकाल विचारला.

"नापास!" मावशी मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या. "पोरगी म्हने, तुले पेशंट होताच येत नाई. तिकीट काढलं, तू आई म्हनूनच ये."