विहिरीवरचा खरा आवाज

"आधी ते काढून टाका. मग बोलू."

बस्त्यावकाका स्टुडिओच्या दारातूनच बोलले. भुईगावचा हा वाडीवाला, बागायतदार माणूस एरवी आला की चहा होईपर्यंत कामाचं बोलत नसे. त्या दिवशी खुर्चीवरही बसले नाहीत. मी एका बारशाचा व्हिडिओ रेंडरला लावला होता. रेंडर म्हणजे कापून जोडलेली सगळी दृश्यं कॉम्प्युटरने एकत्र शिजवायची. त्या वेळच्या मशीनवर ते शिजायला बराच वेळ लागायचा आणि मध्ये हात लावला की सगळं मुसळ केरात. मी तसाच हात लावला आणि रेंडर थांबवला.

हा काळ साधारण दोन हजार आठ-नऊचा. वसई स्टेशनजवळ दळवी सरांचा व्हिडिओ स्टुडिओ होता, आणि मी तिथे एडिटर होते. सर शूट करायचे, मी कापायचे. लग्नं, बारशी, चर्चमधले मुलांचे पहिल्या कम्युनियनचे सोहळे, दुकानांची उद्घाटनं. वसईत समारंभांना तोटा नाही, त्यामुळे आमच्या कात्रीला गंज चढत नसे.

काकांच्या मुलीचं, स्मिताचं, लग्न आम्हीच केलं होतं. केलं म्हणजे शूट केलं. तिचा भाऊ नेल्सन कुवेतला होता, त्याला रजा मिळाली नाही. त्याच्यासाठी मी लग्नाची एक छोटी क्लिप काढून दिली होती. त्याने ती कौतुकाने इंटरनेटवर व्हिडिओच्या साइटवर चढवली, परदेशातल्या चुलत-मावस भावंडांना दिसावी म्हणून. तिथून कुणीतरी ती उचलली, विहिरीवरचा तुकडा तेवढा कापला, आणि 'दारू पिऊन नाचणारी म्हातारी' असं नाव देऊन पुन्हा चढवली.

ती म्हातारी म्हणजे काकांची आई, नाताळआजी.

मी व्हिडिओ उघडला. नेट इतकं हळू होतं की चित्र दोन पावलं चालायचं आणि थांबायचं. खालच्या कॉमेंट मात्र आधीच आल्या होत्या. 'आंटी फुल टाइट.' 'नाचता येईना, विहीर वाकडी.' 'धरा रे कुणीतरी, पडेल आत.' त्यानंतर भांडण सुरू होतं. एकाचं म्हणणं, ख्रिश्चन लग्नात लुगडं आणि विहीर कुठून येणार, हे सिनेमाचं शूटिंग आहे. दुसऱ्याचं म्हणणं, वसईत असंच असतं, माहीत नसेल तर गप्प बसा. त्यावर तिसरा, माझं आजोळ वसईचं, तिथे असं काही नसतं. तिघेही एकमेकांची अक्कल काढत पुढच्या पानावर पोचले होते. भुईगाव त्यातल्या कुणी पाहिलं असेल असं वाटत नव्हतं.

"आजींनी बघितलं?" मी विचारलं.

"शेजारच्या पोरांनी दाखवलं. काय लिवलंय तेही वाचून दाखवलं." काका आता बसले. "पुढच्या महिन्यात नेल्सन येतोय, स्वतःच्या लग्नाला. पोरगी होळी गावची. आई म्हणते, मी पान्यावर येनार नाय. आळीतल्या प्रत्येक लग्नात विहिरीवर तीच गाते. आता स्वतःच्या नातवाच्या लग्नात नाय गाणार? तिच्याशिवाय ते गाणं पुरं कुणाला येत नाय, वैशाली."

हे पाण्याचं थोडं सांगायला हवं. त्यांच्या आळीत लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुला-मुलीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत विहिरीवरून आणतात. विहिरीपर्यंत बँड वाजतो. तिथे पोचला की गप्प होतो, कारण तिथून पुढचा मान बायकांच्या गाण्याचा. आळीतली सगळ्यात थोरली बाई एकेका वडीलधाऱ्याचं नाव गाण्यात घेते आणि प्रत्येक नावाला एक फेर धरते. आजी हे काम माझ्या जन्माच्या आधीपासून करत होत्या.

आणि आम्ही त्यावर सिनेमाचं गाणं घातलं होतं.

यात आमचं काही खास नव्हतं. त्या काळी अख्ख्या महाराष्ट्रातले लग्नाचे व्हिडिओ तसेच व्हायचे. कॅमेऱ्यात आलेला आवाज पुसायचा आणि वर हिट गाणी टाकायची. गिऱ्हाईकही तेच मागायचं. विहिरीचा आवाज ठेवू या, असं मी तेव्हा म्हणाले होते. सर म्हणाले, "वैशाली, लोक लग्नाच्या डीव्हीडीत रहाटाची करकर ऐकायला पैसे देत नाहीत." विषय संपला. गाण्याच्या ठेक्यात बसावं म्हणून काही ठिकाणी चित्र हळू केलं, काही ठिकाणी पळवलं. आजींची पावलं एका गाण्यावर पडत होती आणि ऐकू दुसरंच गाणं येत होतं. कुणीही झिंगलेलंच दिसेल.

"काका, आपली क्लिप नेल्सन काढेल," मी म्हटलं. "पण दुसऱ्यांनी उचललेली आपल्या हातात नाही. एक काढली तर चार उगवतील."

"मग करायचं काय? तोंड लपवून बसायचं?"

"खऱ्या आवाजाची चढवू या. तीच विहीर, त्याच आजी. फक्त त्यांचं गाणं त्यांना परत द्यायचं."

सर आतून हे ऐकत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "आगीत तेल कशाला? चार दिवसांत लोक विसरतात."

"लोक विसरतील, सर. आजी नाही विसरणार."

काकांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आईला विचारतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आजींचा निरोप एवढाच होता, "लावायचं तर पुरं लाव. अर्धं नको."

आता खरी पंचाईत होती. खरा आवाज होता कुठे? कॉम्प्युटरमधली मूळ फाइल मी जागा करायला कधीच उडवली होती. हार्ड डिस्क लहान, लग्नसराई मोठी. उरली टेप. आमचा कॅमेरा काडेपेटीहून थोड्या मोठ्या टेपवर चालायचा, आणि सरांची रीत अशी की काम दिलं की टेप पुन्हा वापरायची. मी कपाट उपसलं. स्मिताच्या लग्नाच्या टेपवरची चिठ्ठी खरवडून तिथे लिहिलं होतं, 'कामण, गोडाऊन उद्घाटन'.

एकदा वरून दुसरं शूट झालं की खालचं गेलं. ते कुठलाही देव आणून देत नाही.

टेप लावली. कामणच्या रस्त्यावरचं गोडाऊन, झेंडूच्या माळा, खुर्च्या, मालकांचे काका, मालकांचे मेव्हणे. मी बघत राहिले. सर माझ्या मागे उभे होते.

"किती शूट केलंत, सर?"

"पाहुणेच उशिरा आले त्या दिवशी. आले, घाईत नारळ फोडला, निघाले. भाषणसुद्धा नाही केलं."

पडद्यावर नारळ फुटला. चित्र निळं झालं. आणि मग विहीर आली. बँडचा शेवटचा सूर, त्यानंतर शांतता, रहाटाची करकर आणि आजींचा आवाज. कसलेला, थोडा घोगरा, लांबवर जाणारा आवाज. त्या भाषण न करता गेलेल्या पाहुण्यांच्या उशिराला मी मनातून हात जोडले.

टेपवर चित्र मूळ वेगातच होतं, ते मी तसंच ठेवलं. वारा माइकमध्ये घुसला होता, तो कमी केला. मागे एक मोटरसायकल होती, तिला जमेल तेवढं दाबलं. मग पहिल्यापासून बघायला बसले, आणि ज्या जागेवर सगळे हसत होते त्या जागेवर आले. आजी फेर धरता धरता थांबतात, झुकतात आणि विहिरीच्या कठड्याला हात लावतात. 'धरा रे, पडेल आत.' तीच जागा.

आता तिथे आवाज होता. त्या आवाजात नाव होतं. पास्कू.

बाकी प्रत्येक नावाला फेर, आणि गाणाऱ्या बाईच्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाला पाऊल थांबवून कठड्याला हात. ही त्यांची रीत. पास्कू म्हणजे आजींचे यजमान. डोलणं नव्हतं ते, वंदन होतं. मी कान झाकणारे हेडफोन काढून सरांच्या कानांवर ठेवले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे मी शूट केलं?" आणि हेडफोन परत देत, "चढव. स्टुडिओचं नाव घालून चढव."

मला अभिमान वाटला, हे सरळ सांगते. माझा, सरांचा, आजींचा, सगळ्यांचा मिळून.

व्हिडिओ चढवला. पहिली कॉमेंट आली, 'आवाज फारच खराब.' दुसरी आली, 'लोकांना मूर्ख समजता का? मूळ व्हिडिओत मस्त गाणं होतं. हा आवाज मागून चिकटवलाय.'

मी डोक्याला हात लावला. सिनेमाचं गाणं खरं आणि आजी खोट्या! दिवसभर तेच चाललं. बनावट आहे, नाही, आहे. शेवटी कुणीतरी एकाने लिहिलं, 'भांडता कशाला, म्हातारीचे ओठ बघा.' लोकांनी ओठ बघितले. आधीच्या व्हिडिओतले बघितले, नंतरच्यातले बघितले. ओठ आणि आवाज जुळणं याला आम्ही सिंक म्हणतो. आमचा सिंक पक्का होता, आणि कॉमेंटचं वारं तिथून फिरलं.

भांडणं थांबली नाहीत. पण आता ती गाण्यावरून होऊ लागली, आणि ती वाचून मला हसू यायचं. कुणाच्या गावात मामाचं नाव आधी, कुणाच्या गावात काकाचं. दुबईहून एकाने लिहिलं की त्याच्या आईला आणखी एक कडवं येतं. त्यावर दुसरा म्हणाला, ते कडवं हळदीचं, पाण्याचं नव्हेच. माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, पण तावातावाने भांडत होती ती एका विहिरीसाठी.

हे सगळं छापून मी भुईगावला गेले. आजी ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"पोरी, आता काय लिवलंय? तेच ना?"

"ऐका तर खरं."

मी वाचत गेले. मामाच्या नावापाशी त्यांनी मला थांबवलं. "त्याला लिव, बाबा, तुज्या गावची विहीर तुज्या मामानं बांदली असंल. आमची विहीर माज्या सासऱ्यानं बांदली. मंग पयलं नाव कोनाचं?"

मी लिहून घेतलं. पुढच्या कॉमेंटलाही उत्तर आलं, त्याच्या पुढच्यालाही. आजींच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. बस्त्यावकाका दारात उभे राहून हसत होते. एका कॉमेंटपाशी मात्र मी थांबले. लिहिणारा तोच होता ज्याने 'पडेल आत' म्हटलं होतं. त्याने विचारलं होतं, 'जिथे त्या कठड्याला हात लावतात, तिथे कुणाचं नाव घेतात?'

आजींनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "लिव. माज्या नवऱ्याचं. आनि त्याला लिव, आता पुन्यांदा बघ."

उत्तरं मी त्यांच्याच शब्दांत टाइप केली. एक अक्षर सुधारलं नाही.

नेल्सनच्या लग्नाला आजी पाण्यावर आल्या. लाल लुगडं, अंगावर दागिने, ताठ मान. होळी गावची पाहुणेमंडळीही मुद्दाम बघायला आली होती, कारण व्हिडिओ त्यांनी पाहिला होता, दुसरा. सरांनी नवा माइक आणला होता आणि तो बांबूला बांधून विहिरीवर टांगून ते कॅमेऱ्यामागे उभे होते. मी केबल सांभाळत होते. बँड थांबला. आजींनी सासऱ्यांचं नाव घेतलं, फेर धरला. दिराचं घेतलं. पास्कूचं घेतलं, हात कठड्याकडे गेला, आणि सरांचा मोबाइल वाजला. त्यावर सरांनीच भरलेली सिनेमाची ट्यून, मोठ्याने.

आजी थांबल्या. सगळी आळी थांबली. त्या वळल्या आणि त्यांनी थेट कॅमेऱ्यात बघितलं.

"दळवी, ते बंद कर. आनि तुजी टेप चालू ठेव. मी पास्कूपासून परत घेते."

सरांनी फोन बंद करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या, आजी." आमच्या स्टुडिओच्या इतिहासात सरांना रीटेक सांगणारं त्याआधी कुणी नव्हतं. आजींनी पास्कूपासून परत घेतलं. दुसऱ्यांदा आवाज जास्त मोकळा लागला.

सर म्हणाले, फोनचा तुकडा काप. मी नाही कापला. नेटवर अजून तसाच आहे, आणि त्याच्याखाली लोक अजून हसतात, सरांना. धंद्यात मी शिकले ते एवढंच की हसणाऱ्यांना थांबवता येत नाही, पण त्यांना ऐकू काय द्यायचं ते एडिटरच्या हातात असतं. आणि टेप पुन्हा वापरायची असेल तर पाहुण्यांच्या उशिरावर भरवसा ठेवू नये.