धोट्याला लागलेलं तोंड

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत लालबागच्या आमच्या चाळीला भाषणांचं एवढं वेड होतं, की माईकपुढे कुणी नुसता खोकला तरी टाळ्या पडायच्या. त्या गणपतीत मंडळाने क्षयरोगावर बोलायला एक डॉक्टर बोलावले. मुंबईवर बोलणार नसेल तर माणूस बोलवायचा कशाला, असं अर्ध्या चाळीचं मत पडलं.

डॉक्टर थोडंच बोलले. खोकल्यातून, थुंकीतून हा रोग पसरतो, एवढं सांगून म्हणाले, आता तुम्ही विचारा. लोक गांगरले. भाषण संपलं की नारळ द्यायचा, आभार मानायचे, ही आमची रीत. वक्त्याला उलट विचारणं म्हणजे अपमानच. मागून एकजण सवयीने ‘झालाच पाहिजे’ ओरडला आणि मंडप हसला.

तेवढ्यात बायकांतून माझी आई उभी राहिली. चार पुरुषांपुढे जिने कधी तोंड उघडलं नव्हतं, ती. मी हादरूनच गेले.

“माका एक इचारूचा आसा,” ती म्हणाली. “धोट्यातलो धागो तोंडान ओढतत. त्याच धोट्याक दुसऱ्याचाय तोंड लागता. तेच्यातून ह्यो रोग होयत?”

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होते; आडवा धागा नेणारा लाकडी धोटा दिवसभर त्यांच्या हातात असे. महिनाभर खोकत होते आणि धुळीमुळे होतं म्हणत होते. डॉक्टरांना धागा ओढणं म्हणजे काय ते कळेना, म्हणून कुणीतरी घरातला जुना धोटा आणला. बाबा चिडूनच उठले. त्यांनी धोट्यात सुताची कांडी बसवली, भोकाला ओठ लावले आणि श्वास आत घेऊन धागा बाहेर काढला. डॉक्टर बघतच राहिले. हाच धोटा दुसऱ्या पाळीत कोण वापरतो, असं त्यांनी हळूच विचारलं.

“जोडीदार,” बाबा म्हणाले. “गावाक गेलो तो. खोकलो लागलो म्हणान.”

आई एवढे दिवस मनात काय घेऊन वावरत होती, ते मला तेव्हा उमगलं. त्या मंडपात साच्यावरचे कितीतरी जण होते. जो तो आपल्या ओठांवरून हात फिरवत होता.

बाबांच्या छातीच्या एक्स-रे फोटोत डाग निघाला. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले, सुया-गोळ्यांनी बरे व्हाल. नुसतं भाषण करून ते गेले असते तर आमचे बाबा गेले असते, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगते.

पण खरा धक्का दवाखान्यातून घरी परतताना बसला. पलीकडच्या चाळीतल्या, नुकत्याच बौद्ध झालेल्या माणसांना साचेखात्यात घेत नसत. धागा तोंडाने ओढायचा, त्यांच्या थुंकीचा विटाळ नको म्हणून. हे बाबांनीच आम्हाला सहज सांगितलं होतं आणि आम्ही सहज ऐकलं होतं. त्या चाळीपाशी बाबा थांबले.

“आमी त्येंका धोट्याक हात लावूक दिलो नाय,” ते म्हणाले. “थुकी लागात म्हणान.”

बाबांना पुन्हा ढास लागली आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला.