ताईसाठी लिहिलेला ब्लॉग

निवृत्त झाल्यावर मी ब्लॉग सुरू केला तो जगाला काही सांगण्यासाठी नव्हे. जगाला सांगणारे पुण्यात पुरेसे आहेत. मला कात्रजला राहणाऱ्या थोरल्या बहिणीला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती.

आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने ताईची आठवण काढली होती. मी फोन केला नाही. साडेसहाची वेळ, कात्रजहून कसबा पेठेत पोचायला ताईला दीड तास लागणार, डॉक्टर म्हणत होते काळजीचं कारण नाही. म्हटलं, सकाळी बोलावू. आईला सकाळ मिळाली नाही. "माझ्याबद्दल काही म्हणाली का रे?" असं ताईने विचारलं तेव्हा मी "नाही, झोपेतच गेली" म्हणालो. तिला ते पटलं नाही. पुढे आमचं बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं उरलं.

ब्लॉग उघडून दिला माझ्या ऑफिसातल्या मित्राने. तीन मंडळांचा अध्यक्ष असलेला हा गृहस्थ खांद्यावर शाल पडली नाही तर त्या आठवड्यात बेचैन असायचा.

"लेखकाचं नाव काय टाकू?" त्याने विचारलं.

"नावाशिवाय नाही चालणार?"

"अरे, ब्लॉग आहे की निनावी तक्रार?"

तरी मी नाव टाकू दिलं नाही. अकरा दिवस खपून ब्लॉगवर एक पान लिहिलं आणि ताईला पाठवण्याआधी त्याला दाखवलं. आमच्याकडे माफी मागण्याआधीही जाणकाराचा अभिप्राय घेतात. त्याने वाचलं, चष्मा काढून पुसला.

"उत्तम," तो म्हणाला. "पण लगेच नको पाठवूस. महिनाभर मुरू दे."

मला तो सल्ला समंजस वाटला.

त्याच महिन्यात त्याची एकसष्टी झाली, नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये. शाल, श्रीफळ, मानपत्र; 'दोनच शब्द' बोलणाऱ्या चार वक्त्यांनी तास घेतला. मग सत्कारमूर्ती उठले आणि त्यांनी खिशातून कागद काढला.

"माझी आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने माझ्या भावाची आठवण काढली होती…"

कात्रजचं सांगली झालं होतं, बहिणीचा भाऊ झाला होता. बाकी स्वल्पविरामसुद्धा माझे होते. त्याला भाऊ नाही. हॉलमध्ये हे माहीत असलेले आठ-दहा जण तरी असतील, पण तेही रुमाल शोधत होते. त्याची बायको मात्र छताच्या पंख्याकडे बघत बसली होती.

जेवणाच्या रांगेत मी त्याला गाठलं.

"ते ताईसाठी होतं."

"मग पाठव ना. मी कुठे अडवलंय?" मसालेभात वाढून घेत तो म्हणाला. "आणि तू काय ते लोकांपुढे वाचणार होतास? एवढं चांगलं लिखाण वाया गेलं असतं."

पुढे कोणीतरी त्याच्या पानात जिलबी वाढली आणि आमचं संभाषण संपलं.

तिसऱ्या दिवशी त्या भाषणाचा व्हिडिओ व्हॉट्सॅपवर आला. पाठवला होता ताईने. खाली लिहिलं होतं, "हा तुझाच मित्र ना? कबूल करायला छाती लागते."

मी तत्काळ ब्लॉगची लिंक पाठवली. "हे माझं आहे."

उत्तर आलं, "त्याचं ऐकून सुचलं का?"

"तारीख बघ," मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी बस पकडून मी कात्रजला गेलो. ताईने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"ते मीच लिहिलंय," मी म्हणालो.

"बघितली तारीख. आधी कॉम्प्युटरला सांगितलंस, मग मित्राला, मग सगळ्या हॉलला कळलं. माझा नंबर कितवा?"

मित्राबद्दल मी बसमध्ये चार वाक्यं जुळवून आणली होती; ती तशीच परत न्यावी लागणार होती.

"आई काय म्हणाली?" तिने विचारलं.

"माझ्या लेकीची पावलं अजून जिन्यात कशी वाजत नाहीत, असं म्हणाली."

"आपली आई असं बोलायची?"

"नाही."

"मग नेमकं काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग."

अकरा दिवसांत ते वाक्य मी सात वेळा बदललं होतं. पहिलं फार साधं वाटलं म्हणून खोडलं होतं. मित्राने उचललं ते सातवं. मी पहिलं आठवायचा प्रयत्न करत राहिलो, आणि ताई दार धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.