बारा नंबरची किल्ली

या पानावरचे अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आलो. माझी मुलगी वंदना हे मासिक घेते, तिचं वाचून झालं की जावयांबरोबर माझ्याकडे पाठवते. मी पहिल्यांदा हेच पान उघडायचो आणि प्रत्येक अनुभवाला मनातल्या मनात उत्तर द्यायचो – हा वाऱ्याचा आवाज, हा भास, ही थाप... चौतीस वर्षं साखर कारखान्यात फिटर होतो. मशीन बंद पडलं की कारण असतंच, शोधणारा कमी पडतो, असं मी हाताखालच्या पोरांना सांगायचो. भूतखेत, करणी, भानामती यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आता मी शहात्तर वर्षांचा आहे. सात वर्षांपूर्वी घडलेल्या एका गोष्टीचं कारण मला अजून सापडलेलं नाही. आणि ज्या गोष्टीचं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आज दोन्ही लिहितो.

आम्ही शनिशिंगणापूरचे. आमच्या गावात घरांना चौकट असते, दार नसतं, हे तुम्ही ऐकलं असेल. कडी नाही, कुलूप नाही, कपाटालासुद्धा नाही. कुत्री-मांजरं शिरू नयेत म्हणून चौकटीला एक फळी टेकवायची, बस. आता काही घरांना दारं दिसतात, पण आमच्या घराला आजही नाही. माझी बायको सुमन गावातलीच. माहेर चार घरं सोडून. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने दारं पाहिली होती, नगरला नातेवाइकांकडे, दवाखान्यात. पण कुलूप कधी हातात धरलं नव्हतं. त्याची वेळच आली नव्हती.

आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तेव्हा वंदनाने आम्हाला हैदराबादची सहल दिली. वंदना सुप्याला असते, जावई तिथल्याच एमआयडीसीत आहेत. रेल्वेचं तिकीट, लॉज, सगळं तिनेच ठरवलं. तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती. सुमन निघताना शेजारच्या कांताला म्हणाली, "कांते, फळीकडं ध्यान दे गं. आमी राजाराणी चाललो फिरायला." कांता देवळाच्या रस्त्याला तेल आणि रुईच्या माळा विकायची. ती म्हणाली, "जावा, जावा. राजाला चारमिनारवर चढवून तितंच ठिवून या."

पहिला दिवस छान गेला. चारमिनार पाहिला, संग्रहालयातलं ते प्रसिद्ध घड्याळ पाहिलं. सुमनने वंदनासाठी बांगड्या घेतल्या. पण संध्याकाळी लॉजवर आलो आणि मी खोलीचं दार लावलं तशी ती अस्वस्थ झाली.

"आवो, उघडं ऱ्हाऊ द्या ना. जीव घुसमटतो."

"हे शिंगणापूर न्हाई," मी म्हणालो. "सामान जाईल समदं."

मला डोळा लागल्यावर तिने उठून दार उघडलं आणि खुर्ची लावून ठेवली. सकाळी मॅनेजरने मला सगळ्यांसमोर झापलं – दार उघडं टाकून झोपता, उद्या चोरी झाली तर नाव आमचं खराब. मला ते फार लागलं. आम्ही अडाणी ठरलो, असं वाटलं.

त्या दिवशी गोवळकोंड्याला जायचं होतं. सुमन आवरून बसली, पण म्हणाली, "छातीत जड वाटतंय. आज नको. तुमीबी बसा ना हितंच."

इथेच मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "पोरीनं एवढा खर्च केलाय आणि आपण खोलीत बसायचं? तू बस. मी बघून येतो."

तेवढ्यात वंदनाचा फोन आला. मोबाईल आमच्यात एकच, माझा. ती आईशी बोलली. आवाज मोठा असल्याने मलाही ऐकू येत होतं. "आई, बाबा बाहेर गेले की आतून कडी लाव हं. शहर आहे ते." सुमन हसली. "बरं बाई," म्हणाली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मला न्हाई लावायची कडी. मी दार उघडं ठिवून बसते. तुमी जावा."

दार उघडं राहिलं असतं तर मॅनेजर पुन्हा बोलला असता. दार जुन्या पद्धतीचं होतं, बाहेरून कोयंडा. लॉजने एक कुलूप आणि दोन किल्ल्या दिल्या होत्या, दोन्हींना पत्र्याचा गोल बिल्ला, बारा नंबरचा. मी एक किल्ली खिशात टाकली आणि दुसरी तिच्या हातावर ठेवली.

"मी भायेरून लावतो. ही किल्ली तुझ्याकडं. वाटलं तर उघड."

ती किल्लीकडे बघत राहिली. "हिनं आतनं उघडतं?"

"तर काय. दोन किल्ल्या कशाला दिल्यात मग?"

मी चौतीस वर्षं फिटर होतो. बाहेरच्या कोयंड्याला लावलेलं कुलूप आतून कुठल्याच किल्लीने उघडत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला तिला गप्प करायचं होतं. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, "लौकर या हां." मी कुलूप लावलं. साडेनऊ वाजले होते. दोन तासांत येतो म्हणालो.

गोवळकोंड्याची गंमत अशी की खाली दरवाजापाशी कुणी टाळी वाजवली की वर पार माथ्यावर ऐकू येते. मी एवढा जिना चढून गेलो आणि खरंच ऐकली ती टाळी. स्पष्ट. मला फार नवल वाटलं, मी तिथे बराच वेळ थांबून पुन्हा पुन्हा ऐकत राहिलो. खाली येऊन जेवलो. मग कुणीतरी जवळची सुलतानांची थडगी बघायला चालला होता, त्याच्याबरोबर गेलो. तेव्हा एक वाजून गेला होता. त्या वेळी माझी बायको तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत दार बडवत होती, असं मी धरून चालतो. तिचं ऐकायला मजल्यावर कुणी नव्हतं. लॉजच्या खालीच बँडवाल्यांचं दुकान होतं आणि त्यांचा दिवसभर सराव चाले.

मी चार वाजता परतलो. कुलूप जसं लावलं होतं तसंच होतं. उघडलं, दार ढकललं, तर दार जड लागलं. ती दाराला टेकून बसली होती. अंग गार झालं होतं.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी ओरडलो नाही. आधी कुलूप काढून खिशात घातलं. मग दाराच्या आतल्या बाजूला जी कडी होती, तिचे दोन स्क्रू नाण्याने सैल केले आणि कडी वाकडी केली. माझी बायको पायाशी बसलेली असताना मी हे केलं. सवयीचे हात होते. मग खाली जाऊन मॅनेजरला म्हणालो – आतून कडी होती, धक्का मारून उघडली.

पोलीस आले, डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, दुपारी एक-दोनच्या दरम्यान, म्हणाले. वेळेवर बाहेर काढलं असतं तर वाचल्या असत्या का, सांगता येत नाही, असंही म्हणाले. दाराच्या आतल्या बाजूला, बरोबर जिथे बाहेर कोयंडा होता तिथे, लाकडात टोचल्याचे बारीक बारीक खड्डे होते. कितीतरी. हवालदाराने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, बिचारीने कडी लावली, पण काढता आली नाही. मी मान हलवली.

मॅनेजरने दुसरी किल्ली मागितली. आम्ही खोलीभर शोधली. गादीखाली, बाथरूममध्ये, तिच्या पदराच्या गाठीत. मिळाली नाही. खिडकीला बारीक जाळी होती, बोटसुद्धा जात नव्हतं.

वंदनाला फोनवर मी तेच सांगितलं. आतून कडी होती. मग ती म्हणाली, "बाबा... मीच सांगितलं होतं तिला कडी लाव म्हणून." मी नाही म्हणालो नाही. त्या एका क्षणात मी बोललो असतो तर... पण मी गप्प बसलो, आणि माझ्या पोरीने ते ओझं उचललं.

गावात सगळे हेच बोलले. बिनदाराच्या घरातली बाई, कडी काढता आली नाही बिचारीला.

तेराव्याला माणसं पांगल्यावर कांता आली. पदराखालून काहीतरी काढून तिने माझ्यासमोर ठेवलं. पत्र्याचा गोल बिल्ला. बारा नंबर. खाली किल्ली.

"भाऊजी, ही तुमची हाय का बगा."

मी विचारलं, "कुठं मिळाली?"

"तुमच्या उंबऱ्यावर. सुमनच्या हातनं पडली." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ज्या दिशी ती गेली त्याच दिशी. दुपारचं दीड झालं आसंल, मी दुकानावरनं जेवाया आल्ते. बगते तर सुमन तुमच्या चौकटीत बसलेली. फळी तशीच टेकलेली, आन् ही किल्ली त्या फळीला टोचतीया. मी म्हनलं, आगं कवा आलीस? राजा कुठाय? तर म्हनली, कांते, उघडंना गं. हे कुलूप लावून गेलेत. मी हसले. म्हनलं, येडे, आपल्या गावात कुठलं आलं कुलूप? थांब, फळी काढते. हातातलं डबडं ठिवलं आन् वळले, तर कोन न्हाई. ही किल्ली पडल्याली. सुनेला सांगितलं, सुमन आलीया, च्या टाक. मग पाच वाजता तुमचा फोन आला..."

तिची सून मागे उभी होती. तिने मान हलवली. चहा खरंच टाकला होता.

कांता म्हणाली, "भाऊजी, कुलूप कसलं हो?"

एवढी साधी बाई. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. मी किल्ली उचलली आणि म्हणालो, "ही कारखान्यातल्या माझ्या जुन्या पेटीची. घरातच पडली होती. तुला उन्हाचा भास झाला कांता." वर तिच्या मुलालाही सांगितलं, आईकडे बघ, डोक्यात काहीतरी भरलंय. त्याने तिला नगरला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. गाव तिला चिडवायला लागलं, "कांताबाई, आज कोन भेटलं?" हळूहळू ती दुकानावर बसायची बंद झाली.

गेल्या महिन्यात कांता गेली. आदल्या दिवशी मी बघायला गेलो होतो. तिने मला ओळखलं. म्हणाली, "भाऊजी, मी येडी न्हवते ना?"

मी तिच्या पायाशी बसलो होतो. सून पाणी आणायला आत गेली होती, ऐकायला कुणी नव्हतं. एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "आराम कर." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. मी माझ्या बाजूने सगळं तपासलं. किल्ली खिशातून माझ्याबरोबरच आली असेल का? नाही. मी आलो दुसऱ्या दिवशी, आणि कांताच्या सुनेने ती किल्ली त्याच दुपारी सासूच्या हातात पाहिली होती. हैदराबाद कुठे, शिंगणापूर कुठे... पाच-सहाशे किलोमीटर. बंद खोलीतली किल्ली आमच्या उंबऱ्यावर कशी आली, मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर सांगावं, पण भास म्हणू नये. तो शब्द मी वापरून पाहिला आहे. किल्लीच्या टोकाला लाकडाचा बारीक भुसा अडकलेला आहे, अजूनही. आमची फळी बाभळीची. हा भुसा त्या फळीचा नाही, रंगच वेगळा आहे. लाकूड मला कळतं.

वंदना सात वर्षं घरात कडी लावत नाही. बाथरूमचीसुद्धा नाही. नातवंडं चिडतात, जावई समजावतात. आईच्या तिथीला ती दिवसभर पाणीही घेत नाही. मी चार वेळा सुप्याला गेलो, सांगायचं ठरवून. चारही वेळा चहा पिऊन परत आलो. तोंडाने मला जमत नाही, म्हणून इथे लिहितोय. हे पान ती माझ्या आधी वाचते.

वंदना, तुझ्या आईने कडी लावली नव्हती. तू सांगितलंस ते तिने ऐकलंच नाही, तिला दार उघडं हवं होतं. बाहेरून कुलूप मी लावलं. किल्लीने आतून उघडतं, असं खोटं मी तिला सांगितलं आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवून ती शेवटपर्यंत लाकडात टोचली. कडी वाकडी केली तीही मी. तुझा यात काही दोष नाही, कधीच नव्हता. आणि कांतामावशी वेडी नव्हती.

किल्ली मी उंबऱ्यावर ठेवली आहे, जिथे ती पडली होती तिथेच. फळी काढून टाकली आहे. कुत्री येतात, बसतात, जातात. मी दिवसभर चौकटीकडे तोंड करून बसतो. तू यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. पण आलीस तर तुला हाक मारावी लागणार नाही.