आजीच्या सतरंज्या आणि ईरिसचा दमा

फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात सिर्क्कूइतकी संशयी बाई दुसरी नाही. मी तिची सख्खी शेजारीण, पण माझ्याही घरचा केक ती आधी हुंगून बघते. तिच्या आठ वर्षांच्या ईरिसची छाती मात्र खरोखरच शिट्टीसारखी वाजायची. मला त्या पोरीची फार काळजी वाटे.

डॉक्टरांनी दमा म्हटल्याबरोबर सिर्क्कूने घर धुऊन काढलं. कुत्रा भावाकडे गेला, जुन्या कपड्यांच्या चिंध्या विणून केलेल्या जमिनीवरच्या सतरंज्याही गेल्या. आता सुट्टीच्या दिवशी पोर ठणठणीत असे, आणि शाळा भरली की धापा टाकी.

“शाळेच्या भिंतीत ओल आहे,” सिर्क्कू म्हणाली. “लपवतायत मेले.”

“तुला काय, मुख्याध्यापिकेच्या कॉफीतही ओल दिसेल.”

“दिसेलच. पाणचट असते ती.”

आमच्याकडे पोर खोकलं की पहिली शाळेची भिंत धरतात. सिर्क्कूने पालकसभा अशी डोक्यावर घेतली की शेवटी शाळेने भिंत फोडली. आत खडखडीत कोरडं होतं.

“मुद्दाम चांगली भिंत फोडली,” ती माझ्या कानात म्हणाली.

मग नगरपालिकेच्या माणसाने वर्गांतली धूळ तपासायला नेली. पुढच्या सभेत तो म्हणाला, “भिंत ठीक आहे. वाचनकोपऱ्यातल्या सतरंज्यांत जंतूंचं विष फार आहे. जंतू मेले तरी ते धुळीत उरतं. दमेकरी पोरांना त्याचा त्रास होऊ शकतो. कुत्र्यामुळे येतं, ओलीमुळे येतं. कुणाच्या या?”

सिर्क्कूच्याच होत्या. आईने विणलेल्या, टाकवेनात, म्हणून तिने शाळेला दिलेल्या.

“समुद्रावर घासून धुतल्यात मी!” ती कडाडली. आमच्यात धक्क्यावर धुतलेल्या सतरंजीला नाव ठेवणं म्हणजे घरच्या सुनेला चोर म्हणणं.

“धुतल्यास गं,” मी म्हटलं, “पण ऊन संपलं म्हणून ओलसरच गुंडाळल्यास.”

ती माझ्याकडे अशी बघू लागली, जणू ओल मीच आणून घातली होती.

घरी आल्यावर तिने ईरिसला समोर बसवलं. “त्या कोपऱ्यात तुला कोण बसवायचं? बाई ना? खरं सांग.”

“कुणी नाही. त्यात आजीचा निळा झगा विणलाय. तू घरातून काढलास, म्हणून मी मधल्या सुट्टीत त्याच्यावर गाल टेकून पडायचे.” पोर थांबली. “आई, आता तो जाळणार का?”

सिर्क्कू लेकीच्या पाठीला कान लावून रडत बसली.